पट्टीवरचा नंबर

माहेरच्या इस्टेटीतून माझ्या वाट्याला एकच वस्तू आली, ती म्हणजे एक जुनी अँबॅसिडर. जमीन, विहीर, मळ्यातलं घर, गायी, सगळं धाकट्या भावाचं. यात माझ्यावर अन्याय झाला असं मी बारा वर्षं कोणाला म्हणू दिलं नाही. नगरमध्ये सावेडीला आमच्या कॉलनीत बायकांच्या गप्पा माहेरच्या वाटण्यांवर आल्या की एकेकीचं रडगाणं सुरू व्हायचं. हक्कसोडीची सही केली म्हणून कोणाला साडी मिळालेली, कोणाला नुसतं पुरणाचं जेवण. मी मात्र ऐटीत सांगायचे की आमच्या वडिलांनी मला गाडी दिली आहे, जुनी, ओरिजिनल, आणि तिची किंमत वर्षागणिक वाढते आहे. ओरिजिनल हा शब्द मी कुठून उचलला होता देव जाणे.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. सोनईच्या अलीकडे आमचा मळा, पाटाच्या पाण्याखालची जमीन. ती सगळी भावाच्या नावावर व्हावी म्हणून मी माझा हिस्सा सोडल्याची सही करायची होती. त्या दिवशी नेवाशाला कचेरीसमोर चहाच्या टपरीवर दादांनी मला बाजूला घेतलं.

"बाई," ते म्हणाले. मला ते नावानं कधी हाक मारायचे नाहीत, बाईच म्हणायचे. "जमीन त्याला, गाडी तुला. आज न्हाई दिसत, पण जुनी झाल्यावर ती जमिनीच्या तोडीला जाईल. पोरीचा वाटा मारला असं कुणी म्हणायला नको."

मला इतकं भरून आलं की समोर आलेला कागद मी वाचलासुद्धा नाही. जिथे बोट ठेवलं तिथे सही करत गेले.

म्हणून गाडीला किती येतील हा प्रश्न माझ्यासाठी नुसता पैशांचा नव्हता. खोटं कशाला बोलू, पैसेही हवेच होते. पण दादांनी मला भावाच्या बरोबरीनं धरलं होतं की नाही, हे त्या आकड्यावरून कळणार होतं. दुसऱ्या कशावरून कळायची सोय नव्हती, कारण दादा गेले त्याला आता दोन वर्षं झाली.

ती गाडी दादांनी श्रीरामपूरच्या एका डॉक्टरांकडून घेतली तेव्हा मी तिसरीत होते. डॉक्टरांनी ती चांगली दहा वर्षं फिरवलेली होती, पण आमच्या मळ्यावर आली तेव्हा सगळी वस्ती बघायला जमली. आईनं चाकांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. सायीसारखा रंग होता तिचा. आत बसलं की रेक्झिनचा आणि औषधांचा मिळून एक वास यायचा, आणि भावाला त्या वासानं उलटी व्हायची. मला व्हायची नाही, याचा मला फार अभिमान होता.

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, अवजारांची पूजा असते. नांगर, कोयते, विहिरीवरची मोटार, सगळं धुऊन पुसून मांडायचं. त्या वर्षीपासून त्यात गाडी आली आणि कामं वाटली गेली. भावानं चाकं धुवायची, आईनं बॉनेटवर स्वस्तिक काढायचं, दादांनी काचा पुसायच्या. माझ्याकडे पट्टी आली.

बॉनेट उघडलं की काचेखालच्या आडव्या पत्र्यावर एक धातूची पट्टी बसवलेली होती. तिच्यावर गाडीचा चेसिस नंबर ठोकलेला. बाहेरच्या पाटीवरचा नंबर बदलू शकतो, हा जन्माचा नंबर, हा बदलत नाही, असं दादा सांगायचे. देवाची पितळी भांडी घरात मीच घासायची, म्हणून पट्टीही माझ्याकडेच. ती पितळेची नाही हे मला कोणी सांगितलं नाही. चिंचेचा कोळ आणि विटकरीची भुकटी घेऊन मी तिच्यावर तुटून पडायची. झाली चकचकीत की दादा हात मागे बांधून समोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "वाच."

मी एकेक अक्षर, एकेक आकडा मोठ्यानं वाचायची. शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं, मला आकडे त्याआधीच येत होते ते या पट्टीमुळे. शेवटचे तीन होते सात, शून्य, चार. चार म्हणून झालं की दादा म्हणायचे, "शाब्बास." मगच नारळ फुटायचा.

दादा कौतुक करणाऱ्यांतले नव्हते. मुलाचंही करायचे नाहीत, मुलीचं तर सोडाच. दहावीला मला चांगले मार्क पडले तेव्हा त्यांनी निकालाचा कागद घडी घालून परत दिला आणि पाणी धरायला निघून गेले. वर्षातून ते एक शाब्बास होतं, आणि ते मिळवायला मी लग्नानंतरही दर खंडेनवमीला नगरहून एसटीनं मळ्यावर जायचे. विटकरीची भुकटी जाऊन भांड्यांची पावडर आली, हातात तारेची घासणी आली. आमचे हे चेष्टेनं म्हणायचे, भाऊबीज चुकवशील पण त्या पत्र्याला ओवाळणं काही चुकवणार नाहीस. मीही त्यांना सुनवायचे की तुमच्या घरात ओवाळण्यासारखं आहेच काय.

पोरं मोठी झाली, आई गेली, दादांचे गुडघे गेले. गाडी शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. पण पूजा व्हायची, पट्टी मी घासायचे, आणि दादा खुर्चीत बसून का होईना, म्हणायचे, "वाच."

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी भावाचा फोन आला. "आक्का, कांदा ठिवायला जागा न्हाई. शेड मोकळं करावं लागंल. तुझ्या गाडीचं काय ते बघ."

तुझ्या गाडीचं, असं तो म्हणाला, ते मला बरं वाटलं. आता हसू येतं, पण वाटलं खरं.

मग मी किंमत काढायला निघाले. आधी मोबाईलवर पाहिलं. तिच्याच वयाच्या, तिच्याच तोंडवळ्याच्या गाड्या लोकांनी विकायला काढल्या होत्या आणि खाली लाखांचे आकडे होते. जमिनीची बरोबरी होत नव्हती, पण चारचौघांत सांगावी अशी रक्कम होती. सावेडीतल्या एका गॅरेजवाल्याला फोटो दाखवले. तो म्हणाला, मागाल ते मिळतील. मागून कळलं की त्याला ती पुतणीच्या लग्नाच्या वरातीसाठी फुकट हवी होती. विमा उतरवणारे ओळखीचे होते, ते म्हणाले, इतक्या जुन्या गाडीला कागदावर किंमतच नसते. आमचे हे म्हणाले, वजनावर जाईल. त्यांच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

शेवटी पुण्याचा एक माणूस मिळाला. जुन्या गाड्या घ्यायच्या, नीट करायच्या आणि शौकिनांना विकायच्या, हाच त्याचा धंदा. फोनवर मोजकं बोलला. येऊन बघतो म्हणाला, आणि खरोखरच आला.

रविवारची सकाळ होती. मी आदल्या दिवशीच मळ्यावर मुक्कामाला गेले होते. भावानं गाडीभोवतीच्या कांद्याच्या गोण्या हलवून ठेवल्या होत्या. गावातले मिस्त्री आले होते. गाडी आमच्याकडे आल्यापासून तिला त्यांच्याशिवाय कोणाचा हात लागला नव्हता, म्हणून मीच त्यांना बोलावलं होतं. धुतलेला शर्ट घालून आले होते बिचारे.

पुण्याच्या माणसानं खिशातून एक लोहचुंबक काढलं. मऊ फडक्यात गुंडाळलेलं, लिंबाएवढं. त्यानं ते दारावर टेकवलं आणि हात काढला. चुंबक खाली घसरलं, ते त्यानं दुसऱ्या तळहातावर अलगद झेललं. "इथे पत्रा उरला नाही, लांबी भरलेली आहे," तो म्हणाला. पत्रा सडला की रंगारी जो लगदा भरून वरून घोटतात, ती लांबी. त्यानं अख्ख्या गाडीला ते चुंबक लावत फेरी मारली. छतावर चिकटलं, बॉनेटवर चिकटलं, आणखी दोन-तीन ठिकाणी चिकटलं. बाकी सगळीकडे ते त्याच्या तळहातावर येऊन पडत होतं.

मग त्यानं नखानं रंग खरवडला. निळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली पुन्हा निळा, आणि कितीतरी खाली ती मूळची साय. घराच्या दारांना दिलेला ऑइलपेंट डब्यात उरला की दादा ब्रश घेऊन गाडीलाही एक हात मारायचे. वाया कशाला घालवायचा, असा त्यांचा हिशेब.

"इंजिन मूळचं आहे का?" त्यानं विचारलं.

मिस्त्री पुढं झाले. "मूळचं पेट्रोलचं हुतं, लई पीत हुतं. म्या डिझेलचं बशिवलं, टेम्पोचं. दादांची निम्मी बचत झाली बघा." माणसानं मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. मिस्त्रींना वाटलं त्यांचं काम त्याला आवडलं.

तरी त्या माणसानं लगेच नाही म्हटलं नाही. उलट मला समजावून सांगितलं. पत्रा नवा घालता येतो, जुनं इंजिन शोधून बसवता येतं. या सालच्या गाड्या आता फार राहिल्या नाहीत. "चेसिस नंबर गाडीच्या आरसी पुस्तकातल्या नंबराशी जुळला, तर मी घेतो, ताई. सगळं नंबरावर आहे."

मला हायसं वाटलं. नंबर म्हणजे तर माझं खातं. मी स्वतः बॉनेट उचललं, पदरानं पट्टी पुसली. दोन वर्षं कोणी हात लावला नव्हता तरी ती आरशासारखी चमकली. त्यानं तिच्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून घासायला लागला. लहानपणी आम्ही वहीच्या पानाखाली नाणं ठेवून छाप काढायचो, तसं. आरटीओतही असाच छाप काढून लावतात म्हणे.

कागद करडा झाला. वरपासून खालपर्यंत एकसारखा करडा. एकही आकडा उमटला नाही.

त्यानं दुसरा कागद घेतला, मऊ पेन्सिल घेतली. पुन्हा तेच. पट्टीवरून बोट फिरवलं, टॉर्च तिरपी धरून पाहिलं. मग तो गाडीखाली शिरला, कारण खाली लोखंडावरही तो नंबर ठोकलेला असतो. बाहेर आला तेव्हा त्याचे केस गंजानं तांबडे झाले होते. "खालचं सगळं खाल्लंय. त्यावर पट्ट्या वेल्डिंग केल्यात," तो म्हणाला.

"पण नंबर मला पाठ आहे," मी म्हणाले.

आणि मी म्हणून दाखवला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सात, शून्य, चारपर्यंत, न अडखळता. तो पुस्तकातल्या नंबरावर बोट ठेवून ऐकत होता. झाल्यावर त्यानं पुस्तक मिटलं. "बरोबर आहे, ताई. पण पाठ असून उपयोग नाही. पत्र्यावर पाहिजे." मग त्यानं विचारलं, "कोणी घासला हा? चोरीच्या गाडीचा घासतात तसा घासलाय."

"मी," मी म्हणाले. त्याला ती थट्टा वाटली आणि तो हसला. कोणीच हसत नाही म्हटल्यावर कागदांची घडी घालायला लागला.

परवानगी काढून नंबर पुन्हा ठोकून मिळतो, पण तशी गाडी शौकीन घेत नाहीत, असं त्यानं सांगितलं. चहा घेतला, पेट्रोलचे पैसे देऊ केले ते घेतले नाहीत. जाताना म्हणाला, भंगारात द्या, उगाच जागा अडवू नका. माणूस वाईट नव्हता.

मी शेडच्या उंबऱ्यावर बसले आणि आठवायला लागले की नंबर गेला कधी. मी घासायचे, दादा वाच म्हणायचे, मी वाचायचे. यातलं वाचणं कधी संपलं आणि पाठ म्हणणं कधी सुरू झालं? एक वर्ष असं असणार की शेवटचा आकडा अंधुक झाला आणि मी तो माहीत आहे म्हणून म्हणून टाकला. पुढच्या वर्षी त्याच्या शेजारचा. मला कळलंसुद्धा नाही. पण दादा समोर उभे असायचे, त्यांची नजर तर शेवटपर्यंत घारीसारखी होती.

मिस्त्री शेजारी येऊन बसले. माझं तोंड बघून त्यांना राहवलं नसावं.

"ताई, वाईट नका वाटून घिऊ. तुमी एकट्याच न्हाई फसल्या. दादांनी बी असाच एक मानूस आनला हुता गाडी दाखवायला."

"कधी?"

"तुमी नेवाशाला सहीला आल्ता ना, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात. त्यानं बी असाच कागूद घासला. त्यो बी भंगारच म्हनला."

ते बोलत राहिले.

"म्या तर दादांना लई आधी सांगितलं हुतं. म्हनलं, पोरीला पट्टी घासू दिऊ नका, नंबर चाललाय. तर ते म्हनले, घासू दे. तेवढंच हाय तिचं."

हे सांगून आपण मला धीर दिला असंच मिस्त्रींना वाटत होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चप्पल शोधून घरी गेले.

गाडी अजून दादांच्याच नावावर होती. भंगारात द्यायची तरी भावाची संमती लागणार होती. तो कागद मी शहरातून तयार करून आणला होता, विकायच्या आशेनं. भाऊ ओट्यावर कांदा निवडत बसला होता. मी कागद पुढं केला. त्यानं हात पँटला पुसले, मी बोट ठेवलं तिथे सही केली. वाचलं नाही, विचारलं नाही, किती आले म्हणून चौकशी नाही. मी नेवाशाला सही केली होती ती अशीच, पण माझ्याकडे तेव्हा सोडायला जमीन होती.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

तो कांदेच बघत होता. "दादांनीच सांगितलं हुतं, आक्काला बोलू नको म्हनून. तिला बरं वाटतंय तर वाटू दे." मग म्हणाला, "मोडीचं जे काय येतील ते समदं तूच घे. मला नको त्यातलं."

तो मनापासून म्हणाला होता. म्हणूनच मला त्याच्यावर ओरडता आलं नाही. वहिनीनं जेवायला वाढलं आणि मी जेवले. पिठलं-भाकरी होती.

समोर भिंतीवर दादांचा फोटो. त्याच्याकडे बघून मी मनातल्या मनात भांडले, दुसरं काय करणार. मला राग जमिनीचा नव्हता. जमिनीच्या आशेवर मी कधीच नव्हते, आमच्याकडच्या कोणत्याच मुली नसतात. दादांनी त्या दिवशी टपरीवर सरळ म्हटलं असतं, बाई, तुला द्यायला माझ्याकडं काही नाही, सही कर, तर मी केली असती. तशीच केली असती, न वाचता. एवढीही माझी खात्री त्यांना नव्हती. लहान मुलाच्या हातात खुळखुळा द्यावा तशी त्यांनी मला ती गाडी दिली, आणि मी बारा वर्षं तो कॉलनीभर वाजवत फिरले.

आणि तरी ते घासू दे म्हणाले होते, हेही मनातून जात नाही. नंबर जातोय हे दिसत असताना, दरवर्षी समोर बसून, वाच म्हणत. ते प्रेम होतं असं मानावं तर नेवाशाचा तो चहा आठवतो. लबाडी होती म्हणावं तर ते शाब्बास आठवतं. मी पुष्कळ विचार केला. यातून मला काहीही सापडलेलं नाही आणि आता सापडेल असंही वाटत नाही.

आठवड्यानं भंगारवाले आले, टेम्पो आणि कटर घेऊन. गाडी ओढून नेण्याजोगी नव्हती, तिथेच कापायची होती. भावानं मला कळवलं नव्हतं, मीच विचारून विचारून दिवस काढून घेतला आणि गेले. त्यांचा म्होरक्या वही घेऊन गाडीभोवती फिरला, बॉनेट उघडून आत वाकला, पट्टीवरून अंगठा फिरवला.

"हितं तर काय दिसंना. गाडीचा नंबर काय हाय, ताई?"

"पट्टीवरचा गेलाय," मी म्हणाले. "कागद घरात आहेत, आणते."

"कागूद ऱ्हाऊ द्या. पाठ आसंल तर सांगा. आमाला तोंडी चालतो."

मी सांगितला. सगळा, शेवटच्या सात, शून्य, चारपर्यंत. त्यानं लिहून घेतला. माझं म्हणून झालं होतं, तरी मी पट्टीसमोर तशीच उभी राहिले. त्यानं वही मिटून खिशात घातली, मला जरा बाजूला व्हायला सांगितलं आणि माणसाला कटर चालू करायची खूण केली.